गोळी मिळते, बोलायला माणूस मिळत नाही

गोव्यात मन बिघडलं तर काय करायचं याची उत्तरं दोन आहेत, आणि त्यातलं कुठलं तुमच्या वाट्याला येणार हे तुम्ही राहता कुठे, कमावता किती आणि बोलता कुठल्या भाषेत यावर ठरतं, हे मी गेली काही वर्षं जवळून बघतेय. पणजी, पर्वरी, मडगाव इथला पगारदार माणूस असेल तर तो मोबाइलवर शोधतो, कोणा मैत्रिणीला विचारतो, काउन्सेलर सापडते, एका सेशनला हजार-दोन हजार मोजतो आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाऊन बोलतो. डिचोली, सत्तरी, पेडण्यातला ड्रायव्हर असेल, हॉटेलात रूम साफ करणारी बाई असेल, औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी पोरगा असेल, तर त्याला गोळी मिळते. गोळीला मी नावं ठेवत नाहीये, गोळीने माणसं वाचतात, माझ्या घरातली वाचली आहेत. पण गोळीच्या जोडीला जे बोलणं हवं असतं ते एका वर्गाला मिळतं आणि दुसऱ्याला कोणी विचारतही नाही, की बाबा रे, तुला काही सांगायचंय का.

मी स्वतः पहिल्या गटातली. पणजीत एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. बाबा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात रात्री छातीत धडधडायला लागलं, ऑफिसात साध्या बेरजा चुकायला लागल्या, लिफ्टमध्ये शिरायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. ईसीजी नॉर्मल आला तेव्हा डॉक्टरांनीच एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव लिहून दिलं. गेले, बरेच महिने जात राहिले. त्या बाई विचारायच्या, थांबायच्या, आणि मागच्या आठवड्यात मी काय बोलले होते ते लक्षात ठेवायच्या, बस. बाबांचं आजारपण मी एकटीने काढलं आणि त्याचा राग माझ्यात किती साठलाय हे मला त्या खोलीतच पहिल्यांदा नीट कळलं. कळलं म्हणून भीती लगेच पळाली असं नाही, पण मी परत लिफ्टमध्ये शिरायला लागले, मग झोप लागायला लागली. त्यामुळे बोलून माणूस बरा होतो यावर माझा अगदी पक्का विश्वास आहे, आणि म्हणूनच हा उपाय माझ्यासारख्यांपुरता राहिलाय याचा मला त्रास होतो.

कारण त्याच सुमारास माझा मामेभाऊही आजारी होता. तो खाणीच्या पट्ट्यातला, ट्रकवाला. गोव्याबाहेरच्यांना सांगायचं तर २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने थांबवल्या, २०१४ च्या एप्रिलमध्ये बंदी उठली, थोडंफार सुरू होतंय म्हणेपर्यंत २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ८८ लीझ रद्द केल्या आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचं काय झालं असेल ते बघा. दादाचे दोन ट्रक. एक मिळेल त्या किमतीला काढला, दुसरा शेताच्या कडेला उभा. रोज सकाळी तो तिथे जायचा, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करायचा, फडक्याने डॅशबोर्ड पुसायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून दहा मिनिटं तसाच बसायचा आणि मग बंद करून खाली उतरायचा. मागच्या चाकांभोवती गवत कमरेपर्यंत आलेलं, ताडपत्रीवर खाणीची लाल माती पावसाने धुवून धुवून ओघळ पडलेले. मी एका रविवारी गेले होते तेव्हा हे बघितलं. घरात शिरले तर वैनी चुलीपाशीच हळू आवाजात म्हणाली, "बाय, तांकां न्हीदच पडना गे." झोप नाही, जेवण नाही, पोरांवर ओरडणं, मग पोरांच्या तोंडाकडे बघून स्वतःच रडणं.

गावातल्या डॉक्टरने आधी ॲसिडिटीची औषधं दिली, मग झोपेची. मग कोणी म्हणालं सोनोग्राफी करा, ती केली. हे आपल्याकडे नेहमीचं आहे, मनाचं दुखणं अंगावर निघतं, डोकं जड होतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि ज्याच्याकडे पैसे कमी त्याचे तेच पैसे तपासण्यांत जातात. शेवटी मोठ्या सरकारी ओपीडीत नेलं. सकाळच्या पहिल्या बसने पणजी, तिथे बस बदलायची, केसपेपर, रांग. बाकडी भरलेली, कॉरिडॉरमध्ये माणसं उभी. वैनी काजू कारखान्यात जाते, तिची त्या दिवसाची हजेरी गेली. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी चांगलं विचारलं, झोप कशी, भूक कशी, मनात काही वाईट विचार येतात का, औषधं लिहिली, महिन्याने या म्हणाले. बाहेर एवढी गर्दी असताना तो डॉक्टर आणखी काय करणार, मला त्याचा राग नाही. औषधं फुकट मिळाली, त्याने झोपही लागायला लागली. पण परतीच्या बसमध्ये दादा वैनीला म्हणाला, "दोतोर बरो आसा, पूण म्हाका उलोवपाचें आशिल्लें." बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. वैनीने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या पर्समध्ये माझ्या पुढच्या सेशनची चिठ्ठी होती.

लोक म्हणतात सरकारी उपचार फुकट आहेत, मग गरिबाला अडचण काय. अडचण अशी की फुकट असतं ते औषध, बाकीचं सगळं विकतच असतं. दिवसाची मजुरी, बसचं भाडं, सोबत आलेल्या माणसाची मजुरी, बाहेर चहा-पाव, आणि शेजाऱ्यांना काय सांगून निघायचं त्याचं ओझं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, गोवा त्यात नव्हता, पण निघालेलं चित्र आपल्यालाही लागू पडेल असं मला वाटतं. उपचाराची गरज असलेल्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० पासून ९० टक्क्यांच्या वरपर्यंत, आणि ज्यांना मिळतात त्या कुटुंबांचा महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये खर्च, मुख्यतः उपचार आणि प्रवासाचा. हजार-दीड हजार म्हणजे पणजीतलं एक सेशन. तेवढ्यात डिचोलीतलं कुटुंब महिनाभर दवाखान्याच्या वाऱ्या करतं आणि तरी बोलणं मिळत नाहीच.

आणि पैसे एकवेळ कोणी दिले असं धरून चालू. तरी तो पन्नास मिनिटांचा ठरलेला तास, दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळेला, हा तास कोणाकडे आहे? हाफ डे टाकून जाता येतं ते पगारदाराला. मांडवीतल्या कॅसिनोवर रात्रपाळी करणाऱ्या मुलीचा आठवडा तिच्या हातात नसतो, शिफ्टचा कागद लागेल तेव्हा तिला कळतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये राबणारा पोरगा ऑक्टोबर ते मे श्वास घेत नाही आणि पावसाळ्यात त्याच्याकडे पैसे नसतात. घरकाम करणाऱ्या बाईने चार घरांना एकेक निमित्त सांगायचं? आता लोक म्हणतील ऑनलाइन करा. आमच्या ऑफिसात हाउसकीपिंगला एक मुलगी होती, म्हापशाला भाड्याच्या एका खोलीत पाच जण राहायचे, तिला कोणीतरी फुकटचं ऑनलाइन काउन्सेलिंग मिळवून दिलं होतं. ती संध्याकाळी आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या कपाटामागे खाली बसून बोलायची, कारण दार बंद होणारी आणि आत दुसरं कोणी नसणारी तेवढीच एक जागा तिला ठाऊक होती. नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचं तर नवरा झोपलाय त्याच खोलीत कसं बोलणार? मी आणि आणखी एकजण मिळून तिला तो अर्धा तास कोणी हाक मारणार नाही एवढं बघायचो. मग ती कंत्राटदाराने दुसऱ्या साइटवर टाकली आणि तो अर्धा तास गेला तो गेलाच. थेरपी म्हटलं की आपण काउन्सेलर आणि फी एवढाच विचार करतो, बंद होणारं दार आणि आपल्या हातातला वेळ या दोन गोष्टी तितक्याच लागतात आणि त्याही पैशाने येतात.

दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं, म्हणजे टेबलाच्या पलीकडून. अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या शहरात ऑगस्ट हॉलिंग्सहेड हे समाजशास्त्रज्ञ आणि फ्रेडरिक रेडलिक हे मानसोपचारतज्ज्ञ यांनी १९५० च्या दशकात शहरातले मनोरुग्ण शोधून त्यांचे पाच सामाजिक वर्ग पाडले आणि कोणाला काय उपचार मिळतात ते मोजलं, १९५८ ला ते छापून आलं. वरच्या वर्गाला बोलण्याचे उपचार, खालच्याला औषधं, शॉक आणि वर्षानुवर्षं इस्पितळात ठेवून देणं. पुढे १९६४ ला विल्यम स्कोफील्ड या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की थेरपिस्टांना आवडणारा पेशंट एका ठरावीक साच्यातला असतो, तरुण, दिसायला बरा, बोलका, हुशार आणि यशस्वी. म्हणजे ज्याचं आधीच बरं चाललंय तो. हे जुनं झालं म्हणावं तर २०१६ चा हेदर कुगेलमास यांचा अभ्यास आहे. न्यूयॉर्कमधल्या ३२० थेरपिस्टांना फोनवर निरोप ठेवले, नैराश्य आहे, वेळ मिळेल का, असा सारखाच निरोप, फक्त नाव आणि बोलण्याची ढब वेगळी. मध्यमवर्गीय गोऱ्या आवाजांना २८ टक्के वेळा वेळ मिळाली, मध्यमवर्गीय काळ्या आवाजांना १७ टक्के, आणि कामगार वर्गाच्या आवाजाला, गोरा असो की काळा, ८ टक्के. नुसत्या नावावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून! पेशंट अजून दारातही आलेला नाही.

आपल्याकडे असं कोणी मोजल्याचं माझ्या वाचनात नाही, पण वैनी पणजीतल्या एखाद्या क्लिनिकला फोन करेल, पलीकडून "हॅलो, गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू" येईल आणि वैनी फोन ठेवून देईल, हे मला न मोजता ठाऊक आहे. आमच्या भागात घरात कोंकणी, शाळेत, भजनात आणि पेपरात मराठी, आणि बँक-ऑफिस-डॉक्टर इंग्लिश. मनातलं सगळ्यात आतलं दुखणं नेमकं तिसऱ्या भाषेत सांगायचं. माझ्या बाईंना कोंकणी-मराठी यायची म्हणून माझं निभावलं, बाबांबद्दल मी इंग्लिशमध्ये चार वाक्यंसुद्धा बोलू शकले नसते.

एक वाक्य मी शिकलेल्या लोकांकडून फार ऐकते आणि ते मला अजिबात पटत नाही, की ह्या लोकांना काउन्सेलिंग जमत नाही, त्यांना मनाचं बोलता येत नाही, त्यांना इंजेक्शन-गोळी दिली की समाधान होतं. अहो, आमच्या देवळात येऊन बघा. गाऱ्हाणं घालतात तेव्हा माणूस उभा राहून काय काय सांगतो, दहा वर्षांमागे भावाने जमिनीत फसवलं इथपासून सुनेच्या माहेरच्यांपर्यंत, पोरगं पेपरात का नापास होतं, रात्री कसली स्वप्नं पडतात, सगळं, आणि तेही चारचौघांत. देवाला पाकळ्या लावून कौल घेतात त्या प्रसाद-पाकळीच्या वेळी आधी नीट प्रश्न मांडावा लागतो, उजवी दे की डावी दे. धालो म्हणजे बायकांची नाच-गाणी, त्यांच्या मांडावर बायका रात्र रात्र काय काय मोकळं करतात ते मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून बघितलंय. बोलता न येणारी माणसं आहेत ही? देवळाला मी कमी लेखत नाही, दादाही गेला होता, पाकळी उजवी मिळाली त्या रात्री तो पोटभर जेवला. पण पाकळी होय की नाही एवढंच सांगते, ती उलट प्रश्न विचारत नाही, पुढच्या आठवड्यात परत ये म्हणत नाही, आणि गाऱ्हाण्यात दारूचं किंवा मरून जावंसं वाटतं याचं सांगायला माणूस धजत नाही, सगळा गाव ऐकत असतो. बोलायची सवय आहे, तयारी आहे, ऐकणारं शिकलेलं माणूस आणि बंद खोली तेवढी नाहीये.

गंमत वाटेल पण हे सगळ्यात आधी ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यात मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड होता. १९१८ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या परिषदेत, महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, त्याने सांगितलं की गरिबाला शस्त्रक्रियेचा जेवढा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचाराचा आहे, एक दिवस समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल आणि असे फुकट दवाखाने निघतील. १९२० ला बर्लिनला आणि १९२२ ला व्हिएन्नात असे दवाखाने निघालेही. त्याच भाषणात त्याने असंही म्हटलं की मोठ्या संख्येने लोकांवर उपचार करायचे तर मनोविश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात सूचनेचं, संमोहनाचं तांबं मिसळावं लागेल. हे वाचताना मला पणजीतला आबे फारियाचा पुतळा आठवला, जुन्या सचिवालयाजवळचा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ सालचा. शेजारून रोज जातो आपण. १७५६ ला कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन लोकांना सांगत होता की संमोहनात चुंबकासारखं काही द्रव्य-बिव्य नसतं, जे होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात होतं. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या आमच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचंच नाव होतं. तर फ्रॉइड ज्याला तांबं म्हणाला, त्या विद्येचा एक मूळपुरुष आमच्या बारदेशचा.

आणि पुढचं वाचलं तेव्हा मला खरंच अभिमान वाटला, कारण साध्या माणसाने साध्या माणसाशी शिस्तीत बोलून नैराश्य बरं होतं याचा जगातला एक भक्कम पुरावा आमच्या गोव्यातल्या हेल्थ सेंटरांतून निघालाय. संगात ही संस्था इथे १९९६ ला सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी मानस नावाचा प्रयोग केला, १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखाने, तिथे मानसोपचाराचं कसलंच पूर्वीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून काउन्सेलर म्हणून बसवलं. निकाल २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की सरकारी केंद्रांत फरक मोठा पडला, सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण काउन्सेलर असलेल्या ठिकाणी ६६ टक्क्यांच्या आसपास आणि नसलेल्या ठिकाणी ४२ च्या आसपास. खाजगी दवाखान्यांत मात्र काउन्सेलर असून-नसून तसा फरक दिसला नाही. कारण बहुधा असं, की खाजगीत डॉक्टर घरच्यांना ओळखत असतो, थोडं बोलतो, त्याच डॉक्टरकडे परत जाता येतं. म्हणजे जिथे फी देऊन जात होते तिथे ऐकून घेणं थोडंफार आधीच मिळत होतं आणि जिथे फुकट होतं तिथे ते नव्हतंच, ते आणून दिल्याबरोबर माणसं बरी व्हायला लागली. वर्गाचा फरक याहून उघड कुठे दिसणार?

मग दुसरा प्रयोग, नैराश्य जास्त असलेल्या लोकांसाठी. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ माणसं, सहा ते आठ सेशन्स, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात नाहीतर घरी जाऊन. उपचार अगदी साधा, माणूस खचला की कामं सोडतो, लोकांना भेटणं सोडतो, आणि सोडलं की आणखी खचतो, तर ते उलटं फिरवायचं, छोट्या छोट्या कामांपासून. तीन महिन्यांनी या लोकांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर, आणि नेहमीचेच उपचार जरा सुधारून दिले त्यांच्यातले ३९ टक्के. काउन्सेलरांची सेशन्स रेकॉर्ड करून सगळे मिळून ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे, म्हणजे काम कच्चं नव्हतं. दारूसाठीही असाच वेगळा प्रयोग झाला. हे सगळं आमच्याच लोकांवर, आमच्याच भाषांत.

मग दादाच्या हेल्थ सेंटरात अशी कोणी का नव्हती? प्रयोग संपतो, निधी संपतो, आणि कायमची जागा भरायची वेळ आली की फाइल कुठेतरी बसते, मला तरी असंच दिसतं. दादाच्या नशिबाने तिथे एक नर्स होती. बीपी बघताना तिच्या लक्षात आलं की हा माणूस बोलायला आलाय. ती त्याला मंगळवारी ओपीडी उरकल्यावर थांबायला सांगायची आणि ड्रेसिंगच्या खोलीत बसून बोलायची. तिने त्याला एक वही करायला लावली, दिवसभरात काय केलं आणि ते करताना कसं वाटलं, शंभरपैकी किती. मी ती वही बघितलीये. पहिल्या पानांवर "ट्रकपाशी गेलो, १०", "घरात, ५", "घरात, ५". मग मध्येच "धाकटीला सायकल शिकवली, ४०". मग भजनाला परत जायला लागला त्याचे आकडे, मृदंग वाजवला त्या रात्री ६५. ती नर्स कुठे काय शिकली होती ठाऊक नाही, पण करत होती ते अगदी बरोबर होतं. नंतर तिची बदली झाली. तिच्या जागी आलेली बाईही चांगली, पण ते तिचं काम नव्हतं, कोणाचंच नव्हतं. एका भल्या बाईच्या मनात आलं म्हणून मिळालेला उपचार बदलीच्या एका कागदाने बंद होतो, आणि पणजीतल्या माझ्या बाई मात्र फी आहे तोवर तिथेच आहेत.

इथे एक प्रश्न माझी मैत्रीणच मला विचारते आणि तो टाळण्यासारखा नाही. ती म्हणते, ट्रकचा हप्ता थकलाय, खाण बंद आहे, आणि तुम्ही त्याला वही लिहायला लावता? पोटाचा प्रश्न मनाचा करून टाकता? तिचं म्हणणं मला मान्य आहे, हप्ता बोलण्याने फिटत नाही आणि ज्याला काम हवं त्याच्या हातात काउन्सेलर देऊन सरकारने हात झटकले तर ती फसवणूकच. पण वर्षभर घरात बसलेला माणूस बँकेच्या मॅनेजरसमोर उभा राहून हप्ते पुढे ढकलून घ्या असं सांगायला जातो तेव्हा त्याच्यात ते बळ कुठून येतं? दादा त्या वहीच्या दिवसांतच बँकेत गेला. ट्रक विकला आणि शाळेच्या बालरथ बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. पगार ट्रकच्या दिवसांच्या जवळपासही नाही, कर्ज अजून आहे, गोळी बरीच कमी झालीये. खाणी सुरू असत्या तर तो आजारी पडलाच नसता असं वैनी म्हणते आणि ते खरंही असेल. मला दोन्ही हवंय, काम पण आणि ऐकणारं माणूस पण, श्रीमंताला आपण कधी विचारत नाही की तुझ्याकडे नोकरी आहे ना, मग थेरपी कशाला.

कायदा तर आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. त्याच्या १८ व्या कलमात मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क म्हणून लिहिलाय, परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि भेदभाव न करता, आणि कशाकशावरून भेदभाव करायचा नाही त्या यादीत जात, धर्म, लिंग यांच्यासोबत वर्ग हाही आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो नसो, फुकट उपचार असंही तिथेच आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजार धरायचा हे २१ व्या कलमात, आणि विमा नियामकाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये तसं परिपत्रकही काढलं. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालात तरच पैसे देतात, आणि बोलायला जाणारा माणूस ॲडमिट होत नाही. १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा फुकट नंबर २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून आहे, रात्री-अपरात्री जीव घाबरला तर जरूर लावा, मी आमच्या ऑफिसच्या पँट्रीत लिहून ठेवलाय. पण तोही लावायला कोणी ऐकणार नाही अशी जागा लागतेच.

म्हणून गेल्या ग्रामसभेत मी आणि वैनी मिळून अर्ज दिला. हेल्थ सेंटरात कायम पगारी काउन्सेलर हवी, आसपासच्याच गावची, कोंकणी-मराठी बोलणारी, नीट शिकवलेली आणि तिच्यावर देखरेख ठेवणारं, अवघड केस पुढे घेणारं तज्ज्ञ माणूस मागे असलेली. बिनपगारी सेवाभावाने नको, गावातल्या बायकांच्या सेवाभावावर आधीच फार काही चाललंय. वेळ संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी सकाळी. खोलीला दार हवं, आतून कडी लागणारं, आणि शुगर-बीपीवाले ज्या दारातून आत जातात तेच दार, वेगळी पाटी नको. एकजण म्हणाला, एवढ्याशा गावात कोण येणार, सगळे बघणार नाहीत का. वैनी उठून म्हणाली, मी घोवाक घेवन येतलें, पयली. मग मागून दोन बायका काहीतरी पुटपुटल्या आणि एकीने हात वर केला. सचिवांनी ठराव लिहून घेतलाय, आता तो आरोग्य खात्याकडे जाईल, तिथे तो कोणाच्या टेबलावर आहे ते मी दर महिन्याला जाऊन विचारणार आहे, माझं ऑफिस पणजीतच आहे आणि मला हाफ डे मिळतो.